मीठ परत मिळालं, मग साखर का नाही?

ताई, लेकीचं काही चुकलेलं नाही, हे आधी तिला सांगा. मिठाचं पाणी आटवल्यावर मीठ मिळालं, साखरेचं आटवल्यावर मात्र तळाशी तपकिरी चिकट गोळा उरला. पुस्तक दोन्हीला 'बाष्पीभवन' म्हणतं, मग असं का, हा तुमचा पहिला प्रश्न. ऊर्ध्वपातनानं, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा गार करून, अल्कोहोल १०० टक्के शुद्ध का होत नाही, हा दुसरा. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ३१ हंगाम काढलेत. दोन्ही प्रश्न आमच्या आवारातलेच निघाले.

मीठ वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस लागतात. घरच्या गॅसवर पाणी उडून जातं, मीठ जसंच्या तसं राहतं. साखरेचं तसं नाही. लाडवांचा पाक करताना तुम्ही पाहिलंच असेल, पाक घट्ट होत जातो तसा तो जास्त तापतो. साधं पाणी १०० अंशांवर थांबतं, पाक मात्र ११०, १२० असा चढत जातो. शेवटचं थोडं पाणी उडेपर्यंत तो दीडशेच्या पुढे गेलेला असतो आणि तिथे साखरच करपायला लागते. पाणी वेगळं झालं खरं, पण जे मिळवायचं होतं तेच बिघडलं.

कारखान्यात यावर दोन उपाय एकदम करतात. पॅनमधली (पाक उकळायच्या मोठ्या बंद भांड्यातली) हवा ओढून घेऊन साधारण २५-२६ इंच (पाऱ्याच्या मापानं) व्हॅक्यूम ठेवतात, म्हणजे पाक ६५-७० अंशांवरच उकळतो. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं म्हणजे सगळं पाणी काढायचंच नाही. पाक मुरत आणायचा, साखर दाण्यांच्या रूपात बाहेर बसू द्यायची आणि उरलेला रस सेंट्रिफ्युगल मशीनमध्ये फिरवून झटकून टाकायचा. म्हणजे साखर शेवटी वेगळी होते ती स्फटिकीकरणानं.

सगळं आटवलं तर काय मिळतं? गूळ! गुऱ्हाळात गुळव्या भेंडीचा चीक घालून वर येणारी मळी काढतो, चुलवाणावरच्या काहिलीत पाणी उडवतो आणि बाकी सगळं रसातलं तसंच वाफ्यात ओततो. चव त्या 'बाकी सगळ्या'चीच असते. (गुऱ्हाळातली मळी म्हणजे वरचा फेस, कारखान्यातली मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा रस. शब्द एक, वस्तू दोन. नवीन पोरं लॅबमध्ये हमखास गोंधळायची.)

उसाचा रस नुसता गाळून निवळत नाही, कारण त्यातला गढूळपणा फडक्याच्या भोकांपेक्षा कितीतरी बारीक असतो. म्हणून पाण्यात कालवलेला चुना आणि सल्फर डायऑक्साइड देऊन, रस तापवून तो गाळ आधी एकमेकांना चिकटवायचा, मग तो खाली बसतो. त्यालाच शेतकरी प्रेसमड म्हणून शेतात टाकतात. चुन्याचं आणखी एक काम असतं. रस मुळात आंबट असतो आणि आंबट रस तापवला की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ते दाण्यात येत नाही. पाकात लिंबू पिळलं की साखर बसत नाही, त्यामागे हेच. पाणी आटवायला लागणारी वाफ वाचवण्यासाठी एका बॉडीतून (रस आटवायच्या बंद भांड्यातून) निघालेल्या वाफेवर पुढची बॉडी, जास्त व्हॅक्यूमवर, उकळवतात. ही युक्ती न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिल्यूची, त्याचं पेटंट १८४३चं. आजही आमची सगळी बॉयलिंग हाऊस, म्हणजे रस आटवायचे विभाग, त्याच हिशोबावर चालतात.

खरी कसरत पॅनवर. पाकात मावते त्याहून थोडीच जास्त साखर असली तर ती आधीच्या दाण्यांवर बसते आणि दाणा वाढतो. फार जास्त झाली की नवा बारीक दाणा आपोआप फुटतो. दुसऱ्या हंगामात एका रात्रपाळीला मी पॅनमनला घाई केली. तो काचेवर नमुना ओढून दिव्यासमोर धरत म्हणत होता, "साहेब, थांबा जरा." मी ऐकलं नाही. पॅनभर भुकटी झाली, ती मशीनच्या जाळीत बसली आणि रस बाहेर पडेना. पुढचा पॅन त्यानं मला न विचारता चालवला, बरोबर चालवला.

एवढं करूनही शेवटच्या मळीत वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा साखरच राहते. क्षार तिला धरून ठेवतात, रस डिंकासारखा दाट होतो आणि दाणा बसतच नाही.

ती मळी डिस्टिलरीत जाते आणि इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो. आंबवलेल्या द्रवात ८-१० टक्के अल्कोहोल असतं. ऊर्ध्वपातन चालतं ते वाफेत अल्कोहोल जास्त आणि खालच्या द्रवात कमी असतं म्हणून. वजनानं ९५.६ टक्क्यांवर मात्र दोन्हीकडे प्रमाण सारखंच होतं. हे मिश्रण ७८.२ अंशांवर उकळतं, शुद्ध अल्कोहोल ७८.४ वर. मग कितीही उंच कॉलम (ऊर्ध्वपातनाचा मनोरा) लावा, फरक नाही तर वेगळं काय होणार? पेट्रोलमध्ये मिसळायला ९९.५ टक्क्यांच्या वर लागतं, म्हणून ती वाफ झिओलाइट नावाच्या सच्छिद्र पदार्थाच्या मण्यांतून सोडतात. त्यांची छिद्रं ३ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पाण्याचा रेणू साधारण २.८, तो आत अडकतो. अल्कोहोलचा ४.४, तो बाजूनं निघून जातो. पिठाच्या चाळणीच्या बरोबर उलटं, इथे बारीक तेच अडकतं. घरी स्पिरिट उकळायचा प्रयोग मात्र अजिबात नको.

साखरेचा प्रयोग असा करू द्या. १०० ग्रॅम पाण्यात २५० ग्रॅम साखर गरम करून विरघळवा, न करपवता. गरम पाकाजवळ तुम्ही स्वतः थांबा, तो अंगावर उडाला तर पाण्यापेक्षा वाईट भाजतो. साधारण २५ अंशांवर त्या पाण्यात २१० ग्रॅमच्या आसपासच मावते, उरलेली बाहेर येईल. पाक गार झाला की साखरेचे कण चिकटवलेला, वाळवलेला दोरा त्यात सोडा, वर कागद झाका आणि आठवडाभर भांडं हलवू नका. मिठाचा असाच प्रयोग करायला सांगा. मीठ १०० ग्रॅम पाण्यात २५ अंशांना ३६ ग्रॅम विरघळतं आणि उकळत्याला ३९, म्हणजे गार करून जवळजवळ काहीच हाती लागत नाही. म्हणून मिठागरात उन्हानं आटवतात. दोन्ही भांडी शेजारी ठेवून तिला वहीत रोज काय दिसतं ते लिहू द्या.