नातवाच्या हाती चाकू द्यावा का?

प्रश्न : ताई, काटोलला आमची संत्र्याची बाग आहे. जंबेरीच्या (जंगली लिंबाच्या) खुंटावर संत्र्याचे डोळे बांधायला, म्हणजे कलमं करायला बसलो की नागपूरहून आलेला सात वर्षांचा नातू चाकू मागतो आणि सूनबाई ओरडते. कॅनडातले देने हे आदिवासी लोक पोरांना काहीच न सांगता सगळं शिकवतात, असं वाचलं. खरं का? – एक आजोबा, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आजोबा, खरं आहे, पण अर्धं. जाँ-गी गुले हे मानववंशशास्त्रज्ञ 1980 च्या दशकात आल्बर्टा प्रांतातल्या चाते वस्तीत देने था या देनेंच्याच एका गटात राहिले. स्वतः पाहून, करून जे कळतं तेच तिथं खरं ज्ञान मानतात, असं त्यांनी नोंदवलंय. ऐकीव माहितीला तेवढा मान नाही. म्हणून मूल एखाद्या कामाला लागलं, की मोठी माणसं त्यात सहसा मोडता घालत नाहीत.

सुनेला मात्र पुढचंही सांगा. ते मूल काही मोकाट सोडलेलं नसतं. शेजारी कुणी मासे कापत असतं, कुणी कातडं कमावत असतं आणि पोर ते रोज बघत असतं. आपल्याकडं पोट्टं बघतं काय, तर आपली मोबाइलवर फिरणारी बोटं!

बघण्याची ही शिस्त मोठ्यांनाही सुटलेली नाही. त्लिचो हा देनेंचाच आणखी एक गट. त्यांच्या मुलखातला बाथर्स्ट कॅरिबूंचा (उत्तरेकडच्या रानटी हरणांचा) कळप 1986 मध्ये साडेचार लाखांच्या वर होता. 2018 च्या मोजणीत जेमतेम 8,200 उरला. 2016 पासून त्यांची जाणती म्हातारी माणसं तरुणांना घेऊन कॉन्ट्वॉइटो तळ्याकाठी तंबू ठोकतात, कळपामागं चालतात. चारा, हवा, लांडगे बघत राहतात. मधल्या पिढ्यांना हे मिळालं नाही, कारण सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांनी आदिवासींची पोरं घरातून उचलून नेली होती. 1993 मध्ये कॅनडातल्या ‘वायव्य प्रदेश’ या भागाच्या सरकारनं ‘देने केडे’ हा अभ्यासक्रम आणला, तो ही तुटलेली गाठ पुन्हा बांधायला.

आता चाकूचं. डोळा काढायची पाती फार धारदार, ती लगेच नको. आधी पट्टी गुंडाळायचं काम द्या, मग छाटलेल्या फांद्यांवर साधा चाकू चालवू द्या, तुम्ही शेजारी बसून. सूनबाईंनाही बसवा, त्यांचा जीव भांड्यात पडेल. आणि बाप्पा, तोंड जरा कमी चालवा! त्यानं बांधलेला एखादा डोळा वाळला, तर पट्टी त्यालाच सोडू द्या. का वाळला, ते त्यानं विचारेपर्यंत सांगू नका.