वाचकांचे प्रश्न : घरची शाळा, घरचा पाव आणि आजीच्या करंज्या

नोव्हेंबर लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत केकचे प्रश्न वाढतात. यंदा त्यात मुलांना घरीच शिकवणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची पत्रंही बरीच आली, म्हणून या वेळी त्यातलीच चार घेते.

प्रश्न : ताई, आम्ही वडगावशेरीत राहतो. मुलगी नऊची, मुलगा सहाचा. प्रार्थना करून, दोघांनी मिळून निर्णय घेतला आणि जूनपासून मुलांना घरी शिकवतेय. सकाळी आठ ते एक टाइमटेबल लावलंय, पण अकरा वाजेपर्यंत मुलगा रडायला लागतो, मी ओरडते, मग दिवसभर मलाच खात राहतं. दोघांना माझ्याबरोबर पाव आणि बिस्किटं करायला भयंकर आवडतं पण तेवढा वेळ अभ्यासातून जातो ना. सासूबाई म्हणतात, शाळा सोडून पोरं पीठ तिंबतायत. काय करू?

उत्तर : आधी ते टाइमटेबल भिंतीवरून काढा, आजच. मी पण पहिल्या वर्षी हॉलमध्ये फळा लावला होता, पस्तीस मिनिटांचे तास, मधली सुट्टी, सगळं, आणि दिवाळीपर्यंत माझा मोठा मुलगा फळ्याकडे पाठ करून बसायला लागला, तेव्हा मला कळलं की मी घरात शाळा आणलीय आणि घर बाहेर काढलंय. शाळेत तास पाडावे लागतात कारण एका बाईंपुढे चाळीस-पन्नास मुलं असतात. तुमच्यापुढे दोनच आहेत. सहा वर्षांच्या मुलाला वाचन, अक्षर, गणित मिळून तासभर पुष्कळ झालं, मुलीला दोन-अडीच तास, तुम्ही मोबाइल बाजूला ठेवून शेजारी बसलात तर. उरलेला दिवस घराचा.

आणि पाव अभ्यासातून जात नाही हो. आमच्याकडे शुक्रवार पावाचा वार आहे, गेली आठ वर्षं. 500 ग्रॅम मैदा, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 10 ग्रॅम मीठ, साधारण 320 मिली पाणी, थोडी साखर, थोडं तेल, हे मुलांना पाठ आहे. मग एखाद्या शुक्रवारी मी म्हणते आज पाहुणे आहेत, मैदा 750 घेऊ, तर बाकीचं किती? मुलगी वहीत त्रैराशिक मांडते आणि साडेदहा ग्रॅम यीस्ट काट्यावर स्वतः मोजते, आणि हे गणित चुकलं तर रात्री सगळ्यांच्या ताटात दिसतं त्यामुळे ती ते दोनदा तपासते, मला सांगावं लागत नाही. आमचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) 1500 वॅटचा, तो सलग 40 मिनिटं तापत राहिला की 1 युनिट जळतं, मोठ्या मुलानं मीटरचा आकडा आधी आणि नंतर वाचून हे पडताळून पाहिलं, त्या दिवशी घरातले सगळे दिवे-पंखे बंद करायला लावले होते त्यानं. उकळतं पाणी यीस्टला मारतं, कोमट जागं करतं, हे सांगण्यापेक्षा दोन ग्लासांत दोन्ही करून दाखवा, दहा मिनिटांत एकावर फेस येतो, दुसरं तसंच पडून राहतं.

धाकटा सहाचा असतानाची गोष्ट सांगते. ओल्या फडक्याखाली पीठ फुगत ठेवलं होतं आणि हा स्टूलावर बसून दोन बोटांनी फडकं उचलून सारखा बघत होता. मग बोट खुपसलं, खळगा हळूहळू भरून आला. म्हणाला, आई हे श्वास घेतंय. त्याच संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही बायबलमधला येशूनं सांगितलेला खमिराचा दाखला वाचला, ती बाई तीन मापं पिठात खमीर घालते तो, आणि तो एकदम म्हणाला की म्हणजे येशूनं पण त्याच्या आईला पीठ मळताना बघितलं असणार. मी रविवारशाळेत इतकी वर्षं शिकवतेय, तो दाखला मला असा कधी दिसला नव्हता.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना एक वार द्या. प्रभूच्या प्रार्थनेत आपण काय म्हणतो? आमची रोजची भाकर. आपल्या मराठीत पाव नाहीये, भाकर आहे, आणि माझ्याच मुलांना कितीतरी दिवस भाकरी थापता येत नव्हती. मंगळवारी सासूबाईंना ज्वारीची भाकरी शिकवू दे. मुलं विचारतील की हे पीठ मैद्यासारखं ताणलं का जात नाही, तर ज्वारीत ग्लुटेन (मैदा ताणला जातो ते प्रथिन) नाही, म्हणून त्याचं जाळं बनत नाही, म्हणूनच आजी गरम पाण्यात पीठ भिजवते आणि लाटण्याऐवजी हातानं थापते. आणि बेखमीर भाकर म्हणजे काय, बायबलमधल्या इस्राएल लोकांना मिसरमधून (इजिप्तमधून) निघताना खमीर चढायला वेळच नव्हता म्हणजे काय, हे पण त्याच परातीत कळतं.

आणि त्यांना रमाबाईंची आठवण करून द्या. पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? आईनं, लक्ष्मीबाईंनी, पहाटे उठवून संस्कृत शिकवलं, तेही तीर्थयात्रेला पायी हिंडत असताना. त्या मुलीला 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता म्हटलं आणि पुढे तिनंच हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. दौंडच्या गाडीनं केडगावला उतरून मुलांना रमाबाईंचं मुक्ती मिशन दाखवून आणा, सासूबाईंनाही न्या. तिथे छापखाना होता, बायकामुली छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या, हे जागेवर उभं राहून सांगितलं की मुलं विसरत नाहीत.

प्रश्न : पिंपरीहून लिहितोय. मुलगा बारा वर्षांचा, चौथीनंतर घरीच शिकतो. अभ्यास उत्तम आहे पण नातेवाईक सारखं विचारतात, दहावीचं काय? कायद्यात बसतं का हे?

उत्तर : 2009 चा शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात घरच्या शिक्षणाचा वेगळा उल्लेख नाही, पालकांवर मूल शाळेत घालायचं कर्तव्य सांगितलंय पण त्यासाठी शिक्षा ठेवलेली नाही. तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. वयाची 14 वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, पाच विषय, मराठी माध्यमही आहे, परीक्षा वर्षातून दोनदा आणि पाच वर्षांत विषय सुटे सुटे देऊन पूर्ण करता येतात, म्हणजे गणित आधी आणि विज्ञान नंतर असंही चालतं. पुढे अकरावीला ते चालतं. राज्य बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा) हा दुसरा रस्ता, पण त्यात पूर्वीच्या शाळेची कागदपत्रं मागतात, आणि तुमच्या मुलाची शाळा चौथीनंतर सुटलीय, त्यामुळे त्याच्या अटी आत्ताच नीट वाचून घ्या. जन्मदाखला, आधार, जुना शाळा सोडल्याचा दाखला एका फाइलीत लावा. दर महिन्याचा कामाचा नमुना तारीख टाकून ठेवा, निबंध, गणिताची वही, काहीही. नातेवाइकांना ती फाइल दाखवायची गरज नाही, पण तुमचा स्वतःचा जीव थाऱ्यावर राहतो.

प्रश्न : मी वानवडीची, वय 71. सून नातवंडांना घरी शिकवते आणि मनापासून शिकवते, माझी तक्रार नाही. पण नाताळ आला की घरात सगळं जिंजरब्रेडचं घर, कपकेक, आगमनकाळाच्या खिडक्यांचं कॅलेंडर. गेल्या वर्षी मी करंज्या करायला घेतल्या तर नातू म्हणाला, आजी ही तर दिवाळीची, आपली नाही. मी काही बोलले नाही. पण रात्री झोप लागली नाही.

उत्तर : मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला माझी आजी आठवली.

आमचं घर नाना पेठेत. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई आणि आजी नानकटाईचं पीठ मळायच्या, डालडा आणि पिठीसाखर परातीत हातानं फेसायची, पांढरी होईपर्यंत, आजीचं मनगट दुखायचं मग ती हात बदलायची. गोळे करून पत्र्याच्या ट्रेमध्ये लावायचे, वर चारोळीचा दाणा, आणि मी आणि माझा भाऊ तो ट्रे डोक्यावर धरून बेकरीत न्यायचो. घरात कोणाकडेच ओव्हन नव्हता. बेकरीवाले किलोवर पैसे घ्यायचे, ट्रेला नंबरची चिठ्ठी लावायचे आणि लांब दांड्याच्या फळीनं भट्टीत सरकवायचे. दिवाळीत त्याच बेकरीत त्याच ट्रेमध्ये शेजारच्या काकूंची नानकटाई भाजली जायची. दिवाळीत त्यांच्याकडून ताट यायचं, नाताळात आमच्याकडून जायचं, करंजी, शंकरपाळी, चकली, केकचे दोन तुकडे, आणि ते ताट कधी रिकामं परत आलं नाही.

म्हणजे करंजी आपलीच आहे मावशी. आपण मराठी आहोत, येशूवर विश्वास ठेवला म्हणून जिभेची चव बदलली नाही. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मग ख्रिस्ताची गीतं अभंगाच्या चालीवर लिहिली, आजही मंडळीत आपण ती टाळ घेऊन म्हणतो. अभंग आपला तर करंजी आपली का नाही? नातवाला हे ठाऊक नाही कारण त्याला कोणी सांगितलं नाही, त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता.

सुनेशी मोकळेपणानं बोला. ती मुलांना घरी शिकवते म्हणजे तिला घरातल्या माणसांकडून शिकणं महत्त्वाचं वाटतंच, तिला फक्त सुचलं नसेल की तुम्ही पण शिकवू शकता. आठवड्यातून एक दुपार मागून घ्या. करंजीची कृती तुम्ही तोंडानं सांगा, नातवंडांनी लिहून घ्यायची, आणि तुमची वाटी म्हणजे किती ग्रॅम हे त्यांनीच काट्यावर मोजायचं. मोहन कडकडीत का हवं, पारी फार जाड राहिली तर काय होतं, कातण्यानं कड कशी फिरवायची, हे त्यांच्या अक्षरात वहीत राहू दे. जिंजरब्रेडचं घरही होऊ दे, त्याच्याशी भांडण नको.

आणि एकदा त्यांना पंचहौदच्या चर्चला घेऊन जा. 1890 मध्ये तिथल्या मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे केली, लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी माणसं हजर, कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता बाजूला ठेवला, पण गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि ख्रिस्त्यांच्या हातचं घेतलं म्हणून पुण्यात एवढं ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) झालं की प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. ही गोष्ट सांगितल्यावर माझ्या मुलांनी पहिला प्रश्न विचारला, बिस्किटं कुठली होती? मग त्यांना सांगा की त्याच पुण्यात नंतर ताटं या घरातून त्या घरात जायला लागली, आणि यंदा शेजारी ताट द्यायला त्यांनाच पाठवा.

प्रश्न : हडपसर. मे महिन्यात मस्त होणारा पाव डिसेंबरमध्ये दगड होतो. यीस्ट तेच, माप तेच. का?

उत्तर : थंडी. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा 10-12 पर्यंत उतरतो आणि ओट्यावरचं पीठ गारठतं, यीस्ट मरत नाही, सुस्तावतं. कृतीत एक तास लिहिलाय म्हणून तासाभरात भाजायला घेऊ नका. पीठ काचेच्या बरणीत ठेवा, बाहेरून रबर लावून खूण करा, दुप्पट झालं की मगच पुढे जा, मग दोन तास लागोत की अडीच. बंद ओटीजीमध्ये गरम पाण्याची वाटी ठेवून शेजारी पिठाचं भांडं ठेवलं तर लवकर होतं, फक्त भाजायच्या आधी दोन्ही बाहेर काढा आणि ओटीजी रिकामा दहा-पंधरा मिनिटं तापवा.