लॉगिन मोबाइल क्रमांकाने हवे असेल तर

प्रश्न : वाचनालयाचे संकेतस्थळ मी जँगोमध्ये (पायथॉन भाषेतील वेब-फ्रेमवर्क) उभारत आहे. सभासदांनी मोबाइल क्रमांकाने लॉगिन करावे आणि त्यांचा पत्ता व वर्गणीची मुदतही नोंदलेली असावी, अशी अपेक्षा आहे. जँगोचे तयार यूजर मॉडेल (वापरकर्त्याच्या नोंदीचा आराखडा) पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. पहिले मायग्रेशन (मॉडेलनुसार डेटाबेसमध्ये तक्ते तयार करण्याची पायरी) चालवण्यापूर्वीच अॅबस्ट्रॅक्टयूजर या जँगोच्या पायाभूत वर्गावरून स्वतःचे मॉडेल तयार करा आणि ऑथ_यूजर_मॉडेल या सेटिंगमध्ये त्याचे नाव द्या; ही सोय २०१३ मधील १.५ आवृत्तीपासून आहे. इतर तक्त्यांच्या फॉरेन की (दुसऱ्या तक्त्यातील नोंदीशी जोडणारी फील्ड) एकदा जुन्या यूजर तक्त्याशी जोडल्या गेल्या, की नंतरचा बदल फार किचकट होतो.

तुमच्या मॉडेलमध्ये यूजरनेमला नन (None, म्हणजे ‘काही नाही’) देऊन ते फील्ड काढून टाका, मोबाइलचे फील्ड युनिक (एक क्रमांक एकाच नोंदीत) ठेवा आणि लॉगिन कोणत्या फील्डने होईल हे सांगणाऱ्या यूजरनेम_फील्डमध्ये त्याचे नाव लिहा. क्रमांक मात्र कॅरेक्टर फील्डमध्येच साठवा, कारण पूर्णांकात +९१ मधले अधिक चिन्ह टिकत नाही. क्रिएट_यूजर आणि क्रिएट_सुपरयूजर असलेला मॅनेजरही (यूजरच्या नोंदी तयार करणारा वर्ग) नव्याने लिहावा लागेल, कारण मूळ मॅनेजर यूजरनेमच मागतो.

मोबाइल क्रमांकाला प्रायमरी की (तक्त्यातील नोंदीची मुख्य ओळख) करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. माणसे क्रमांक बदलतात, आणि बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्याच ग्राहकाला मिळतो. एकाच घरातील दोन सभासद एक फोन वापरत असतील तर युनिकची अट आड येईल, तेव्हा हा प्रश्न वाचनालयाच्या कार्यकारिणीशी आधीच बोलून घ्या.

पत्ता आणि वर्गणी यांच्यासाठी वनटूवन फील्डने (एका यूजरला एकच नोंद) जोडलेला वेगळा सभासद-तक्ता करा.