नोबेल मिळालं म्हणून विषय संपत नाही

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण 68 टक्के. तिला उच्च तापमानाच्या सुपरकंडक्टरवर (थंड केल्यावर विजेला शून्य रोध करणारे पदार्थ; 'उच्च' म्हणजे बाकीच्यांच्या मानाने) संशोधन करायचंय आणि तुम्ही तिला न विचारता एमसीएचा फॉर्म भरून टाकलाय. मला गुणांची काळजी वाटत नाही, फॉर्मची वाटते. एवढ्या मोठ्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे : 'तिच्या डोक्यात खूळ शिरलंय.' पदवीपर्यंत पोचलेल्या मुलीच्या आवडीला खूळ म्हणू नका हो. घरात पैशांची अडचण असेल तर ती तिच्यासमोर आकड्यांसकट मांडा, ती समजून घेईल. पण न विचारता भरलेला फॉर्म तिला इतकंच सांगतो की तिचं मत इथे धरलं जात नाही.

तुम्ही लिहिता, 'याला 1987 मध्येच नोबेल मिळालं, आता उरलंय काय?' बेडनॉर्झ आणि म्युलर या शास्त्रज्ञांना ते तांब्याच्या ऑक्साइडांतल्या अशा सुपरकंडक्टिव्हिटीच्या शोधासाठी मिळालं, उलगड्यासाठी नाही. पारा, शिसं असे धातू सुपरकंडक्टर का होतात हे 1957च्या बीसीएस सिद्धांताने सांगितलं. तांब्याच्या या ऑक्साइडांपुढे तो अपुरा पडतो. मूळ पदार्थ साध्या हिशेबाने धातू असायला हवा, पण त्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके दूर लोटतात की तो इन्सुलेटर निघतो. थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतले की सुपरकंडक्टिव्हिटी येते. आता अगदी कमी तापमानाला हे इलेक्ट्रॉन मुळात कसे वागतात ते पाहायचं, तर रोधच शून्य झालेला असतो. म्हणून प्रचंड चुंबकीय क्षेत्र लावून सुपरकंडक्टिव्हिटी दडपतात. 1990च्या दशकात 60 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास असं केलं, तेव्हा काही नमुन्यांत तापमान उतरवताना रोध चक्क वाढत गेला, म्हणजे इन्सुलेटरसारखा. 2007 मध्ये यिट्रियम असलेल्या तांब्याच्या ऑक्साइडात, प्रखर क्षेत्रातच, क्वांटम आंदोलनं (क्षेत्र बदलत नेलं की रोधात लयीने होणारे चढउतार) सापडली. ती तर धातूची खूण! हे सगळं एकत्र समजावणारा सर्वमान्य सिद्धांत अजून नाही. तुमची मुलगी उघड्या प्रश्नाकडे निघालीय.

जॅम, जेस्ट, गेट या प्रवेश परीक्षांची माहिती कुठेही मिळेल. तयारी मात्र मनापासून हवी.

आता थोडं तिच्यासाठी. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात आणि कायमच्या जागा थोड्या असतात, हे आधीच माहीत असू दे. काम चिकाटीचं आहे. मिलिमीटरभर स्फटिकावर चांदीच्या पेस्टने चार तारा चिकटवायच्या, दोन करंटला, दोन व्होल्टेजला. नमुना थंड होताना आकसतो, एखादी तार सुटते आणि सगळं पुन्हा गरम करून पहिल्यापासून सुरुवात. हे तिला झेपतं का, त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवडतं का, हे ना तुम्ही सांगू शकता ना मी. म्हणून एमएस्सी की एमसीए हा तुमचा प्रश्न मी आत्ता सोडवत नाही. सुट्टीत एखाद्या लो-टेम्परेचर प्रयोगशाळेत तिला उन्हाळी प्रकल्प करू द्या. त्यासाठी प्राध्यापकांना पत्र तिनेच लिहायचं. तिथून आल्यावर मलाही तिलाच लिहू द्या. तोवर फॉर्मची फी भरू नका.