नकाशात 40 टक्के 'उष्ण' दिसतंय, मग जूनमध्ये लेक सुपीरिअरला स्वेटर कशाला?

जमत असेल तर जून टाळा. जुलैची अखेर किंवा ऑगस्टचा पहिला पंधरवडा धरा. आणि स्वेटर दोन्ही वेळी बॅगेत असू द्या.

तुम्ही लिहिलंय की दोघं नाशिकहून मुलीकडे मिनियापोलिसला येताय, जावयांनी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लेक सुपीरिअर या अवाढव्य तळ्याच्या काठच्या डुलुथ शहराजवळ अगदी पाण्याकाठची केबिन बघून ठेवली आहे, आणि अमेरिकी हवामान खात्याच्या तीन महिन्यांच्या नकाशात तो भाग नारिंगी, 'सरासरीपेक्षा उष्ण, 40 टक्के' असा दिसतो. मी मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो आणि उन्हाळ्यात कोणी पाहुणे आले की त्यांना घेऊन डुलुथला जाणं ठरलेलंच, म्हणून सांगतो. त्या नकाशावर बॅग भरू नका.

गोंधळ होतो तो टक्क्यांमुळे. आपली वेधशाळा एप्रिलमध्ये मान्सूनचा अंदाज देते, 2024 ला 106 टक्के म्हणाली होती, तेव्हा ते सरासरी पावसाचे टक्के असतात. इथले टक्के शक्यतेचे. 1991 ते 2020 या तीस वर्षांतल्या उन्हाळ्यांचे थंड, मधले आणि उष्ण असे तीन सारखे गट पाडतात. कसलाच कल नसेल तर प्रत्येक गटाला 33 टक्के. उष्ण गटाला 40 दिले म्हणजे पारडं थोडं झुकलं, बस. उरलेले 60 टक्के अजून बाकीच्या दोन गटांकडेच आहेत. त्यात हा हिशोब तीन महिन्यांचा एकत्र, आणि 'उष्ण' उन्हाळा म्हणजेसुद्धा बहुतेक वेळा सरासरीहून अंश-दोन अंश वर. तुमच्या चार दिवसांबद्दल त्यातून काही कळत नाही.

त्या चार दिवसांचं ठरवतं ते तळं. सुमारे 82,000 चौरस किलोमीटर पसारा, सगळ्यात खोल जागी 406 मीटर. हिवाळ्यात गार झालेलं एवढं पाणी तापायला वेळ लागतो, आणि त्यात एक गोम आहे. पाणी सर्वांत जड असतं 4 अंश सेल्सिअसला. त्याहून गार असलेलं वरचं पाणी उन्हाने जरा तापलं की जड होऊन खाली जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. सगळा साठा 4 अंशांवर आल्याशिवाय वर उबदार थर टिकतच नाही. म्हणून जूनमध्ये काठापासून जरा आत पाणी 4-5 अंशच असतं. सगळ्यात उबदार होतं ते ऑगस्टात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला, आणि तेव्हाही तळ्याची सरासरी 15-16 अंशांच्या आसपासच.

आता शाळेतला भूगोल आठवा: खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन तापते, हवा वर जाते, पाण्यावरचा वारा आत येतो. तेच इथे होतं, फक्त पाणी गोडं आणि बर्फाच्या धर्माचं. सकाळी अकरापर्यंत मंडळी अर्ध्या बाह्यांत फिरत असतात, वारा ईशान्येकडून फिरला की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. गेल्या जूनमध्ये डुलुथच्या काठावरच्या कॅनाल पार्कमध्ये धुकं इतकं दाट होतं की तिथल्या लिफ्ट ब्रिजच्या (जहाजांसाठी वर उचलला जाणारा पूल) पायथ्याशी उभं राहून पुलाचा वरचा भाग दिसत नव्हता. गाडीने टेकडी चढून वर गेलो तर लख्ख ऊन आणि लोक आइस्क्रीम खात होते. फोनवर डुलुथचं म्हणून जे तापमान दिसतं ते बहुधा विमानतळाचं, आणि विमानतळ तळ्यापासून साधारण अडीचशे मीटर उंच टेकडीवर आहे. वर 75 फॅरनहाइट (24 सेल्सिअस) आणि खाली काठावर 52 (11 सेल्सिअस), असं जूनमध्ये सर्रास होतं. इथल्या अंदाजात 'कूलर बाय द लेक' (तळ्याकाठी जास्त गार) हे पालुपद असतंच.

उलटही होतं हं. वारा पश्चिमेचा, जमिनीवरून आला तर तळ्याचा काही उपयोग नाही. 13 जुलै 1936 ला याच डुलुथमध्ये 106 फॅरनहाइट, म्हणजे 41 सेल्सिअस, नोंदलं गेलं. बऱ्याच जुन्या केबिनांत एसी नसतो, तेवढं मालकाला विचारून घ्या.

नकाशापेक्षा मी दोन गोष्टी बघतो. पहिली, हिवाळ्यात तळ्यावर बर्फ किती धरला होता. 2014 मध्ये इतका होता की जूनच्या सुरुवातीलाही तळ्याकाठच्या मार्केट (Marquette) या गावाजवळ बर्फाचे तुकडे तरंगत होते. 2023-24 च्या हिवाळ्यात जवळजवळ नव्हताच. बर्फ कमी, तर पाणी लवकर तापायची आशा. दुसरी, जायच्या दोन दिवस आधी वाऱ्याची दिशा. त्याहून लांबचं बघण्यात अर्थ नाही.

नकाशात न दिसणारी आणखी एक बाब म्हणजे कॅनडातल्या वणव्यांचा धूर. 2023 च्या उन्हाळ्यात आभाळ स्वच्छ असूनही सूर्य तांबडा आणि घसा खवखवतोय, असे दिवस आम्ही काढले. तुमच्यापैकी कोणाला दमा असेल तर हवेच्या दर्जाचा आकडा रोज बघा आणि औषधं नाशिकहूनच पुरेशी आणा. डास काठावर वाऱ्यामुळे कमी, जंगलात मात्र फोडून काढतात, आणि जूनमध्ये जोडीला चावऱ्या काळ्या माश्याही असतात.

जावयांना हेही सांगा की जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तिथे ग्रँडमाज मॅरेथॉन असते. धावणाऱ्यांना गारवा हवाच असतो, पण शहरात खोली मिळत नाही आणि मिळाली तर दर ऐकूनच घाम फुटतो.

कपड्यांत जाड लोकरीचं काही नको. सुती कपडे, एक स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जर्किन आणि कानटोपी पुरे. छत्री वाऱ्यात उलटी होते, ती घरीच ठेवा. तिकडे गेल्यावर वारा ईशान्येचा आणि धुकं असेल तर काठावर कुढत बसू नका, जे कुक पार्कला जा. ते आतल्या बाजूला आहे, सेंट लुई नदीवरचा झुलता पूल आहे, ऊनही बहुधा मिळतं. स्वच्छ दिवशी हायवे 61 ने गूजबेरीचे धबधबे आणि स्प्लिट रॉकचं दीपगृह करा. पार्क पॉइंटच्या वाळूवर पाय बुडवायचा मोह होईलच, पण लाल बावटा असेल तर घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नका. लाटा साध्या दिसतात, परतीचा ओढा जबरदस्त असतो.