ब्लोअर बदलण्याआधी रिटर्नकडे बघा

घर गरम करणाऱ्या तुमच्या फर्नेसचा बर्नर पेटतो, थोड्या वेळात विझतो, ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) मात्र फिरतच राहतो आणि मागच्या खोल्यांत गरम हवा जेमतेम येते. मग मोठा ब्लोअर बसवू का, असं विचारलंय तुम्ही. इतक्यात नको. ही लक्षणं लिमिट स्विचची वाटतात. हवा पुरेशी खेळत नाही, फर्नेस आतून तापते आणि स्विच बर्नर बंद करतो. म्हणजे हवा कुठेतरी अडतेय, आणि बऱ्याचदा ती रिटर्नच्या, म्हणजे खोल्यांतली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या वाटेच्या, बाजूला अडते. तिकडे कोणी बघतच नाही.

आधी फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं काही दिसत नसेल तर सरळ बदला. एक इंची, मर्व्ह १३चा (मर्व्ह म्हणजे गाळणीच्या बारकाईचा आकडा) दाट फिल्टर असेल तर तो कोरा असतानाही हवा रोखू शकतो. मर्व्ह ८ घालून फरक बघा. बारीक गाळणी हवीच असेल तर चार इंची फिल्टरची पेटी बसवून घ्या, तिच्या घड्यांमुळे हवेला जागा जास्त मिळते.

मग मागच्या खोलीच्या रजिस्टरला (गरम हवा सोडणाऱ्या जाळीला) टिश्यू पेपरची पट्टी चिकटवा आणि दार उघडझाप करा. दार लावल्यावर पट्टी मलूल पडली, तर खोलीत आलेल्या हवेला परतायला वाट नाही. दाराखाली फट वाढवा किंवा भिंतीत जाळी बसवा. रिटर्नच्या जाळीला टेकवलेला सोफाही हलवा (हे हमखास सापडतं!).

रिकाम्या खोल्यांची रजिस्टरं बंद केली असतील तर उघडा. ती बंद ठेवल्याने डक्टमधला (हवा नेणाऱ्या नळातला) दाब वाढतो आणि सांध्यांतून गळती होते. डँपरचा (डक्टमधल्या झडपेचा) दांडा डक्टला समांतर म्हणजे उघडा. फ्लेक्स (लवचीक) डक्ट कुठे मुडपलाय का बघा. सांधे मॅस्टिकने (सांधे बुजवायच्या लेपाने) किंवा ॲल्युमिनियम फॉइल टेपने बंद करा. कापडी डक्ट टेप नावापुरताच डक्टचा, उष्णतेने सुटून येतो.

एवढ्यानेही जमलं नाही तर तंत्रज्ञ बोलवा. ब्लोअरच्या पात्यांत धूळ बसलेली असते, फर्नेसवर एसीची कॉइल असेल तर तिची खालची बाजू तुंबते. त्याला स्टॅटिक प्रेशर (ब्लोअरला ज्याविरुद्ध हवा ढकलावी लागते तो दाब) मोजायला सांगा आणि तो आकडा फर्नेसच्या पाटीवरच्या मर्यादेशी ताडून बघा. अनेक फर्नेसवर ती ०.५ इंच वॉटर कॉलम (हे दाबाचं एकक) असते. न मोजताच मोठा ब्लोअर सुचवला तर दुसरा माणूस शोधा.

तोवर लिमिट स्विच बायपास करायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. सतत तापून हीट एक्स्चेंजरला (ज्वाळेची उष्णता हवेला देणाऱ्या भागाला) तडा गेला, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येऊ शकतो. त्याचा अलार्म नसेल तर आजच लावा.