दोन कामं एकत्र करायचा सराव नव्या कामात कितपत उपयोगी पडतो?

पॉडकास्ट ऐकत मजकूर टाइप करायची सवय झाली, तर आता मीटिंग ऐकता ऐकता ईमेल लिहिणंही जमेल का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक नाही.

सरावाने फरक पडतो, याबद्दल वाद नाही. 1976 साली स्पेल्की, हर्स्ट आणि नाइसर या मानसशास्त्रज्ञांनी दोन विद्यार्थ्यांना कथा वाचता वाचता कानावर पडणारे शब्द लिहून घ्यायला लावले. आधी वाचनाचा वेग पार ढासळला. साधारण सहा आठवड्यांत तो पूर्ववत झाला, आणि वाचलेलं समजतही होतं.

पण सुधारतं नेमकं काय? ऐकणं, बघणं, बोटं चालवणं ही कामं बरीचशी एकाच वेळी चालतात. अडतं ते 'आता काय करायचं' हे ठरवताना. तिथे सहसा एका वेळी एकच काम पुढे सरकतं, दुसरं रांगेत. व्हॅन सेल्स्ट, रुथरफ आणि जॉन्स्टन यांच्या 1999 च्या प्रयोगात हा खोळंबा सरावाने सुमारे 350 मिलिसेकंदांवरून 40 वर आला. मला जास्त बोलका वाटतो तो त्यांचा 2001 चा प्रयोग. पहिलं काम सरावाचंच ठेवून दुसरं नवं दिलं, तर खोळंबा कमीच राहिला. उलट पहिलं नवं आणि दुसरं सरावाचं दिलं, की तो पुन्हा वाढला. म्हणजे रांग मोडलेली नसते, रांगेतलं पहिलं काम लवकर उरकायला लागलेलं असतं.

तुमच्या बाबतीत बोटांचं काम उरकायला लागलंय. ते ईमेल लिहितानाही होईलच. पण ईमेलमध्ये वाक्य सुचावं लागतं, मीटिंगमध्ये समोरच्याचं म्हणणं समजून घ्यावं लागतं, आणि या दोन्हींचा भार भाषेवरच. त्यातलं काहीच टायपिंगने सोपं झालेलं नाही. (सतत चार स्क्रीन उघड्या ठेवणारे यात तरबेज असतात, हाही समज. 2009 च्या ओफिर, नास आणि वॅग्नर यांच्या अभ्यासात असे लोक एका कामावरून दुसऱ्यावर जाताना उलट जास्त अडखळले.)

थोडंफार नव्या कामात जातं ते लक्ष वाटून देण्याचं कसब. क्रेमर, लॅरिश आणि स्ट्रेयर यांच्या 1995 च्या प्रयोगात ज्यांनी कधी या कामाला, कधी त्या कामाला प्राधान्य देत सराव केला, ते नव्या जोडीतही सरस ठरले. दोन्हींकडे कायम सारखंच लक्ष देणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही. तेव्हा सराव करायचाच असेल तर असा करा: काही मिनिटं टायपिंग बिनचूक, पॉडकास्ट निसटला तरी चालेल; मग उलट. ईमेल मात्र मीटिंग संपल्यावरच लिहा.